प्रधानाचा चौथा अध्याय

आमची ही गेल्यानंतरच्या दिवाळीत पुतणी मुंबईहून आली आणि जाताना माझ्या फोनवर एक खेळ घालून गेली. "काका, दुपारी नुसते बसून राहता, त्यापेक्षा हे खेळा."

खेळातला मी आदल्या जन्मीचा साधासुधा माणूस. मरतो आणि डोळे उघडतो ते एका दुष्ट प्रधानाच्या देहात. त्यानं राजाला विष घातलेलं असतं, आणि चौथ्या अध्यायात त्याचा शिरच्छेद ठरलेला. बाकीच्यांना आग फेकता येते, अदृश्य होता येतं. प्रधानाला एवढंच येतं, की एकदा ऐकलेलं नाव तो विसरत नाही.

"फालतू वरदान आहे," पुतणी फोनवर हसली. "त्याला कोणीच वाचवू शकत नाही."

मी तीस वर्षं रत्नागिरीतल्या एका शाळेत कारकून होतो. पोराचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं तोंडपाठ. हेडमास्तर रजिस्टर न उघडता मला विचारायचे. पुढे संगणक आला आणि विचारणं थांबलं.

सात वेळा माझं डोकं उडालं. आठव्या खेपेला मी लढायचं सोडलं. घाई कसली होती? रोज दुपारी जेवण झालं की मी त्या शहरात हिंडायचो. पाव विकणारी बाई, पाणक्या, तुरुंगाचे पहारेकरी, भेटेल त्याला नाव विचारायचं आणि दुसऱ्या दिवशी नावानं हाक मारायची. पाणक्यानं आपल्या आजारी आईचं सांगितलं. मी रोज तिची चौकशी करू लागलो. त्या दिवसांत माझं घराबाहेर कोणाशी बोलणं झाल्याचं मला आठवत नाही.

शिरच्छेदाच्या दिवशी मी तुरुंगात होतो, तिथे पाणक्या कोठडीची किल्ली घेऊन आला. पहारेकऱ्यानं तोंड फिरवलं. मी वेशीबाहेर पडलो!

मी लगेच पुतणीला फोन लावला. "अगो, वाचला तो!"

"काय सांगता! मग पुढे?"

पुढे एक रस्ता होता, मग समुद्रकिनारा. मी प्रधानाला टोकापर्यंत चालवला, परत आणला. माणूस नाही, अक्षर नाही. शहराची वेस बंद झालेली.

मी तिला तसं सांगितलं. "काका, तो वाचेल असं बनवणाऱ्यांनी धरलंच नसणार. त्याच्यापुढे काही लिहिलेलंच नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करा."

म्हणजे त्याला पुन्हा तुरुंगात घालायचं, आणि पाणक्यानं मला पुन्हा अनोळखी नजरेनं बघायचं. माझ्यानं ते झालं नाही.

बरेच दिवस मी दुपारचा खेळ उघडत राहिलो. प्रधान वाळूत उभा असायचा. मी त्याला थोडा चालवायचो, पाण्याकडे तोंड करून बसवायचो, आणि चहाची वेळ झाली की उठायचो.