हिरामावशीच्या दारातली करंडी

हिरामावशीला तिच्या घरातून मी बाहेर काढलं. आमच्या इमारतीत सगळे समजतात की मालकाने, म्हणजे शेठने, तिला फसवलं. शेठने तिच्या घराच्या मुदतवाढीवर सही केली नाही, एवढं खरं. बाकीचं काम माझं. हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही आणि तिलाही नाही, म्हणून असेल.

मी तलासरीकडचा. आईबाप दुसऱ्यांच्या बागांत चिकू तोडायचे, मीही तोडले. पुढे बागा मक्त्याने घेऊ लागलो. म्हणजे फळ झाडावर असतानाच वर्षाचा माल विकत घ्यायचा, मग तोडून गाड्या भरायच्या. या धंद्यात नजर एकाच गोष्टीवर ठेवावी लागते: समोरचा माणूस आपल्या आधी कुणाशी बोलून आलाय? मला सगळेच कुणाशी तरी बोलून आलेले वाटतात. बऱ्याचदा ते खरंही निघतं. खरं निघालं नाही, तेव्हा काय झालं, ते हे.

डहाणूतली आमची इमारत लहान. खाली दोन घरं, वर दोन. घरं विकलेली नाहीत, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर दिलेली. सुरुवातीला एकरकमी पैसे भरायचे, आपलं घर म्हणून राहायचं, मुदत संपली की घर परत शेठचं. माझं घर वर. बरोबर त्याखाली हिरामावशी — मूळची नरपडची, नवरा गेल्यापासून एकटी. अंगणात बांबूंवर बोंबील वाळवायची आणि वास सरळ माझ्या खिडकीत. त्यावरून मी किती भांडलो असेन! ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी सुक्या जवळ्याची चटणी वर पाठवायची. मला त्याचाही संशय यायचा. शिव्या खाऊन चटणी कोण पाठवतं?

२०१६ साली पट्ट्यांची मुदत संपत आली. चारही घरं माझ्याकडे बसली. ठरलं की शेठकडे एकट्याने कुणी जायचं नाही. गेलो तर चौघं मिळून, आणि बोलणार मी. हा नियम कुणी घातला? मीच. बाकीचे फुटतील म्हणून घातला.

मग एका सकाळी मावशीच्या दारात करंडी दिसली. वर चिकूचा पाला दाबलेला, काथ्याने बांधलेली. ती करंडी मी लांबून ओळखतो, कारण शेठची घोलवडची बाग मी मक्त्याने घेतो आणि तशीच माझ्या घरी येते. बागेचा सौदा पक्का झाला की शेठ तोंडाने सांगत नाही, करंडी पाठवतो. त्याची जुनी रीत. म्हणजे मावशी एकटी जाऊन आपलं जमवून आली होती. तिला विचारलं का? नाही. विचारलं असतं तर ती सावध झाली असती — असं तेव्हा वाटलं.

त्याच दुपारी मी घोलवडला शेठच्या बागेत गेलो. म्हटलं, खालची बाई घरात धंदा करते, अंगणात मासळी सुकवते. पट्ट्यात धंद्याला मनाई आहे. तिला वाढ देणार असाल तर आम्हाला नको. 'आम्हाला' म्हणालो. बाकीच्या दोन घरांना पत्ताही नव्हता. आणि तिचं घर रिकामं झालंच, तर माझे चिकूचे क्रेट ठेवायला ते मी घेईन, हेही बोलून टाकलं.

शेठ म्हणाला, "तू बोलतो ते बरोबर, भाई. पण बाई जुनी आहे."

तिच्याशी काही ठरलंय, असं तो एका शब्दाने बोलला नाही. तिथे मला थांबता आलं असतं. पण मला वाटलं, लपवतोय. मी आवाज चढवला. पुढच्या वर्षी त्याची बाग घेणार नाही, असंही सुनावलं. निघताना त्याने होकाराची मान हलवली.

आठवड्याभरात मावशीला नकार कळला. ती जिना चढून वर आली. धापा टाकत म्हणाली, "भाऊ, तू बोलायला पक्का. माझ्यासाठी एकदा चल ना." मी गेलो. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय — मी गेलो, आणि तिच्यासमोर शेठशी भांडलो. टेबलावर हात आपटला. म्हातारीला घराबाहेर काढताना लाज वाटत नाही का, असं त्याला विचारलं. शेठ माझ्याकडे बघत राहिला. सगळं ठरवून गेलेला माणूस किती मोठ्याने भांडू शकतो, ते त्याने त्या दिवशी बघितलं. आणि तो गप्प बसला.

परतताना रिक्षात मावशी माझीच समजूत काढत होती. "जाऊ दे भाऊ, डोकं तापवू नको. इतकी वर्षं त्याच्या घरी सोडे, बोंबील नेऊन देते. त्याची आई होती तेव्हापासून. तो चिकू भरून देतो. पैसा कधी मधे आला नाय. तरी बघ."

करंडी बोंबलाच्या बदल्यात आली होती. लहानपणी आमच्या दारात सुकी मासळी घेऊन बाया यायच्या, आई त्यांना भात मोजून द्यायची. ते बघत मी मोठा झालो. तरी करंडी दिसली आणि मला फक्त सौदा दिसला.

रिक्षा अजून वाटेतल्या चिखल्याच्याही अलीकडे, शेठच्या बागेपासून जवळच होती. माझ्याही पट्ट्यावर सही व्हायची बाकी होती. परत फिरायला काय लागलं असतं? मी रिक्षा तशीच पुढे जाऊ दिली. मावशीला मात्र सांगितलं की कोर्टात जाऊ नकोस, उरलेलं आयुष्य तारखांत जाईल. तिने मान डोलावली. ते तिला पटलं, कारण सांगणारा मी होतो.

ती चिखल्याला भावाकडे गेली. जाताना वाळवणीचे बांबू माझ्या दाराशी उभे केले. म्हणाली, "तुझ्या क्रेटांखाली घालायला होतील. खाली ओल असते." माझे क्रेट तिच्या घरात येणार, हे तिला कुणी सांगितलं? शेठने? की रिक्षातच ओळखलं होतं तिने? मी अजून तेच धरून बसलोय. बघा, इतकं करूनही संशय तिच्यावरच.

यंदा इथे जमीन सारखी हादरते. धक्का बसला की सगळे खाली उतरतो आणि मावशीच्या रिकाम्या अंगणात उभे राहतो. मागे कुणीतरी म्हणालं, शेठने बाईला उगाच घालवली. सगळ्यांत मोठ्याने शेठला शिव्या मी घातल्या. पाठीमागे तिच्या दाराला माझं कुलूप होतं.

याचा जाब कुणीतरी द्यायलाच हवा. शेठला विचारा, तो गप्प का बसला. पण त्याच्याकडे नंतर जा. आधी जिना चढून वर या, डाव्या हाताचं दार. इमारतीतल्या सगळ्यांना घेऊन या, मावशीला पुढे उभी करा, आणि तिच्यासमोर मला विचारा.