नाहीदच्या चार खिडक्या

नाहीद एका जागी बसली होती, असं मूल गावच्या बाजारात कोणी सांगितलं तर लोक हसतील. चाळिशीची बाई, सात राइसमिलींचे कम्प्युटर सांभाळते, पण पायाला भिंगरी. चहासुद्धा उभ्यानंच. कामाला लागली की स्क्रीनवर टर्मिनलच्या, म्हणजे कमांड टाइप करायच्या, चार काळ्या खिडक्या उघडणार; एकीत कमांड टाकायची आणि उत्तर यायच्या आत दुसरीत शिरायचं.

त्या दिवशी रामाजींच्या मिलमध्ये तांदळाबरोबर काळे दाणेही पोत्यात जात होते. आश्रमशाळेतून आधीची खेप परत आलेली. आताची चार वाजता निघायची होती.

"नाहीदबाई, आता माल वापस आला तं मी नागपूरचा मिस्त्री बलावतो," रामाजी म्हणाले. "मंग तू मोकळी."

"कायले येते वापस, भाऊ? दहा मिनिटं द्या."

काळा दाणा उडवणाऱ्या मशीनचा प्रोग्रॅम कंपाइल होऊनच आलेला. आत हात घालायची सोय नाही. दाण्याचा काळेपणा किती चालवून घ्यायचा, तो आकडा बाहेरून, एका व्हेरिएबलमधून, म्हणजे नाव दिलेल्या कप्प्यातून, द्यायचा. प्रोग्रॅम सुरू होताना तो एकदाच वाचतो. नाही मिळाला तर जुना चाळीस धरून चालतो. नाहीदनं पहिल्या खिडकीत अठरा टाकला, एक्स्पोर्ट केला, म्हणजे प्रोग्रॅमला उचलता येईल असा ठेवला. तिथंच विचारून पाहिलं, अठरा. दुसऱ्या खिडकीतून प्रोग्रॅम नव्यानं सुरू केला आणि धावत जिना उतरली.

मशीनवरच्या केसरबाईंनी निघालेल्या तांदळाचं ताट पुढं केलं. "पाह्य माय, तीळ टाकल्यावानी दिसून राह्यलं."

वर. बारा. खाली. तेच. वर. आठ. खाली. तेच.

"मुंग्या चावून राह्यल्या का वो तुले? बस ना जराशी!"

"बसली का डोकं बंद पडते माह्यं!"

सव्वातीनला रामाजींनी फोन काढला. नाहीद वर आली आणि खुर्चीत बसली. दोन्ही हात मांडीखाली दाबले, मग एक काढून दुसऱ्या खिडकीत आकडा विचारला. कोरी ओळ.

कान तापले तिचे. खिडकी म्हणजे आपापलं घर. एका घरात बांधलेली शिदोरी दुसऱ्या घरातून निघालेल्याच्या हाती कशी लागणार?

तीन खिडक्या बंद केल्या. उरलेल्या एकीत अठरा, एक्स्पोर्ट, आणि तिथूनच प्रोग्रॅम. आता खाली धावायचं नाही, हे तिला सगळ्यात जड गेलं.

"आता बराबर हाय वो!" खालून केसरबाई ओरडल्या.

"राहू द्या, मिस्त्रीभाऊ," रामाजी फोनवर म्हणाले.

उद्या आपण पुन्हा चार खिडक्या उघडणार, हे नाहीदला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आकडा आणि प्रोग्रॅम सुरू करायची कमांड तिनं एकाच फाइलीत एकाखाली एक लिहून ठेवली; खिडकी कुठलीही असो, दोन्ही बरोबरच निघतील. लिहितानाच स्कूटीची किल्ली तिच्या दातात होती.