अणुरॉकेटवाल्या मॅडम

"पेटवाचं काई नाई, सर. तापवाचं अन् सोडाचं!" असं म्हणत मॅडम डबा बाजूला सारायच्या आणि माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला अणुरॉकेट समजावायला बसायच्या. धामणगाव बढ्याच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत. युरेनियमच्या भट्टीने हायड्रोजन तापतो, मागून सुसाट सुटतो आणि रॉकेट पुढे जातं, एवढं मला त्यांच्यामुळेच कळलं.

"मंगळावर लवकर पोचता येते ह्यानं," त्या सांगायच्या, जणू बाजाराला मोताळ्यालाच जायचंय.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी आठवीच्या पोरींकडून तसं रॉकेट करवून घेतलं. तारेवर टांगलेली पत्र्याची डबी, डबीत हायड्रोजनऐवजी पाणी, खाली युरेनियमऐवजी मेणबत्त्या. मागच्या भोकातून वाफ सुटली की डबी पुढे सरकायची. पोरींना जिल्ह्याला न्यायचंच, असं मॅडमनी मनावर घेतलं होतं.

आता आपली प्रदर्शनं तुम्हीही पाहिली असतील. पाहुण्यांनी फीत कापेपर्यंत परीक्षक जागचे हलत नाहीत. "पाहुणे पोचलेच, सगळं चालू ठेवा," असा सकाळीच हुकूम सुटला. पोरींनी मेणबत्त्या पेटवल्या. पाहुणे उगवले दुपार कलल्यावर. मग शाली, नारळ, भाषणं. परीक्षक आमच्या टेबलाशी आले तेव्हा मेणबत्त्या संपल्या होत्या.

"बंद आहे," म्हणत ते पुढे निघाले.

"साहेब, दुकानातून मेणबत्त्या आणते. थांबा जरासक," मॅडम म्हणाल्या.

"वेळ नाही. पाहुण्यांचं जेवण राहिलंय."

"पाहुण्याले टाइम हाय, पोरीईले नाई?" मॅडम कडाडल्या. परीक्षक चालू लागले. दोन पोरी टेबलामागे रडत होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, अजूनही होतो.

मॅडमनी मेणबत्त्या आणल्या. प्रदर्शन होतं त्या शाळेच्या फाटकाच्या दोन खांबांना तार बांधली, डबी टांगली, वात पेटवली. जेवण उरकून पाहुण्यांची गाडी आली आणि हॉर्न वाजवू लागली. आमचे मुख्याध्यापक धावत आले, "मॅडम, तार काढा!"

"वाफ होऊ द्या. आमी सकाळपासून थांबलो."

डबी थरथरली आणि सरसर या खांबापासून त्या खांबापर्यंत गेली. पोरी किंचाळल्या. पाहुण्यांनी काच खाली करून हसत विचारलं, "कशावर चालतं हे?"

"पुढच्या वर्षी टाइमावर या," मॅडम तार सोडता सोडता म्हणाल्या, "मंग सांगीन."

त्याबद्दल मॅडमना लेखी ताकीद मिळाली. पाहुण्यांना कसली मिळणार!

पुढच्या वर्षी पाहुणे म्हणे अगदी वेळेवर आले. त्याआधी दिवाळीपूर्वीच मॅडम वारल्या होत्या.