पाठमोरा माइक

चहा घ्या. साखर थोडी जास्त पडली आहे, पण माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकायची म्हणजे तेवढं गोड चालेल. गावात ही गोष्ट माझ्याआधी पोचली आहे, फक्त लोक मीठमसाला घालतात. मी खरं तेवढंच सांगतो.

हमरापूरच्या बाजूला आमचा गणपतीचा कारखाना. दादा गेला तेव्हापासून वहिनीच तो चालवते. मी रोह्याला कंपनीत कंत्राटावर होतो. आमचा प्लांट बंद झाला आणि ऐन चाळिशीत मी घरी बसलो. वहिनीनं मला एका शब्दानं काही म्हटलं नाही. ताटात पहिल्यासारखीच गरम भाकरी पडायची. तेच मला जास्त लागायचं.

आवाज मात्र माझा दणदणीत, बरं का. पेणपासून रोह्यापर्यंत कुठेही क्रिकेटची स्पर्धा असो, माइक माझ्या हातात. कोणीतरी सांगितलं, मुंबईत एक कंपनी लोकांकडून गोष्टी वाचून घेते, घरबसल्या काम आहे, आधी नमुना पाठवायचा. मला वाटलं, हे काम माझीच वाट बघत होतं.

रोह्यात माझा मित्र नितीन मंडप आणि साउंडचं काम करतो. त्याला विचारायला गेलो, तर त्यानं कॉलरला लावायचा एक इवलासा माइक आणि एक हेडफोन पुढे ठेवला. म्हणाला, नवख्याला एवढं पुरतं, खोलीत गोधड्या टांग आणि पाठवायच्या आधी हेडफोन लावून ऐक. मला तर तो माइक बघूनच अपमान वाटला. एवढा माझा आवाज, आणि त्याला शेंगदाण्याएवढा माइक? मला हवा होता फोटोत गायकांसमोर असतो तसला, उभा, जाडजूड, जाळीचा. तोही त्याच्याकडे वापरलेला मिळाला, पण मग हेडफोनपुरते पैसे उरेनात. म्हटलं, राहू दे, माझा आवाज मला माहीत आहे.

नितीन एवढंच म्हणाला, "अरे, आधी कानाचं बघ, मग तोंडाचं." मी हसलो.

घरात शांत जागा एकच, आखणीची खोली. रंगवून झालेल्या मूर्तींचे डोळे वहिनी तिथे बसून काढते. मी मधोमध दोरीवर गोधड्या टाकल्या. अलीकडे मी, पलीकडे वहिनी, आणि गोधडीला अगदी लागून फळीवर माइक. अंगणातला रंगाचा कॉम्प्रेसर मी हुकूम सोडून बंद करायला लावला. तोही ऐन सीझनमध्ये!

वहिनीनं विचारलं, "भाऊजी, मी पण उठू काय?"

"तुझा कसला आवाज, वहिनी. तू बस."

माझा आवाज त्या नाजूक यंत्राला झेपायचा नाही, अशी मला काळजी. म्हणून तीन पावलं मागे सरलो आणि सुरुवात केली. मोबाइलच्या पडद्यावर हिरव्या लाटा उठायला लागल्या. मी श्वास घ्यायला थांबलो तरी उठत होत्या. वाटलं, काय हा आपला श्वास! न ऐकताच पाठवून दिलं.

आठ दिवसांनी मुंबईहून फोन आला. बाई म्हणाल्या, आवाज फार आवडला, काम द्यायचं आहे. मी लगेच स्पीकर चालू केला आणि सगळ्यांना अंगणात बोलावलं. वहिनीनं हातातला ब्रश खाली ठेवून देवाला हात जोडले. मी आभाराचं भाषण सुरू केलं. बाईंनी ते बरंच ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "बरं, आता त्या ताईंना फोन देता का?"

"कोणत्या ताई?"

"गणपतीशी बोलत होत्या त्या. आणि मागे रस्त्यावर कोणीतरी लाउडस्पीकर लावला होता, पुढच्या वेळी तेवढा बंद करायला सांगा."

अंगणात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"मी बोलत होते?" वहिनीनं विचारलं. तिला माहीतच नव्हतं. ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं माइक घेऊन रोह्याला गेलो. नितीननं माइक हातात फिरवून दाखवला. असल्या माइकला पुढची बाजू असते आणि मागची असते. तो पुढून ऐकतो. मी सगळी गोष्ट त्याच्या पाठीला वाचून दाखवली होती, आणि त्याचं तोंड होतं वहिनीकडे.

मग हेडफोन लावला. मी कुठेतरी लांब, विहिरीत पडलेल्या माणसासारखा ओरडत होतो. वहिनी मात्र अगदी कानाशी. एकेका मूर्तीचे डोळे काढताना ती पाटावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचं गिऱ्हाइकाचं नाव बघून तिला सांगत होती, तू कोणाच्या घरी चाललास. "तू कासूला जाणार हायस. तिथं म्हातारी एकटीच हाय. पोरं आली नाय तर तू तरी तिच्याकडं नीट बघ."

दादा असाच बोलायचा मूर्तींशी. मी ते विसरलो होतो. ती विसरली नव्हती.

पुढची मूर्ती आमच्याच घरची निघाली. "तुला काय सांगायचं, तू घरचाच. भाऊजींना हे काम मिळू दे. जिवाला लावून घेतात, बोलत नायत."

मी, आणि बोलत नाही! नितीन समोर होता म्हणून डोळे पुसले नाहीत. गाडीत पुसले.

घरी येऊन वहिनीची माफी मागितली. ती म्हणाली, "ते माझं आणि त्याचं बोलणं होतं, भाऊजी." मी कंपनीला फोन करून तो नमुना पुसायला लावला. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, गोष्टी तरी कसल्या असतात त्यांच्या. मी एक वाचून दाखवायला लागलो. चार ओळी ऐकल्या आणि तिनं माझ्या हातातून कागद काढून घेतला.

आता रोज दुपारी ती वाचते, नितीनकडून बदलून आणलेला कॉलरचा तो इवलासा माइक पदराला लावून. काम मलाही आहे. ती वाचत असताना बाहेर कोणी आवाज करू नये, हे बघायचं. कॉम्प्रेसर बंद करतो, टेम्पोवाल्याला लांब उभा करतो, ओट्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला गप्प बसवतो. फार चोख काम आहे माझं.

तरी रोज एकदा तरी आतलं वाचन थांबतं, आणि गोधडीआडून हाक येते.

"भाऊजी, तुमचाच आवाज येतोय."