शनिवारची मेथी

गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत कुमुदकाकू टिपणीसांना सगळे 'रेडिओवाली आंटी' म्हणतात. ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. अरे, बाईंनी केंद्र सरकारच्या कचेरीत अनुवादक म्हणून उमेदीची वर्षं घालवली, दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये दोन मुलं वाढवली, आणि निवृत्त झाल्यावर दर शनिवारी दुपारी तीनला रेडिओवर मराठीतून अर्धा तास लोकांच्या गोष्टी सांगायला लागल्या. त्यांना नाव आहे ना! पण काकूंचं आपलं, "राहू दे गं केतकी. रेडिओवालीच तर आहे मी, बिल्कुल खरंय."

स्टेशन कसलं, एका शाळेच्या गच्चीवरच्या दोन खोल्या. बाकी सगळे कार्यक्रम हिंदी, आमचा एकच मराठी. मी काकूंच्या वरच्या मजल्यावर राहते. त्यांना शाळेचा जिना एकटीने झेपत नाही, म्हणून मी सोबत जाते. तिथे फोन उचलायचं कामही माझंच. म्हणजे, आला तर!

काकूंची माणसं सगळी आपल्यातलीच. करोल बागेत सोनं गाळणारा सांगलीकडचा गलाईवाला, ज्याला पंजाबी लग्नांतली झाडून सगळी गाणी पाठ. मंत्री बदलला की त्याच्या दारावरची पाटी बदलणारा शिपाई. तो म्हणे जुन्या पाटीचे स्क्रू जपून ठेवायचा, कारण कोण कधी परत येईल याचा नेम नाही! काकूंची पद्धत अशी, की गोष्ट आधी ज्याची त्याला सांगायची, त्याच्याच घरी बसून. त्याने मान डोलावली तरच ती रेडिओवर जाणार. "दुसऱ्याचं आयुष्य आहे गं," त्या म्हणायच्या, "त्यात पदरचं घालून कसं चालेल?"

यंदा उन्हाळ्यात राजीवने, म्हणजे स्टेशन चालवणाऱ्याने, बॉम्ब टाकला. "मॅडम, आपके प्रोग्राम पर एक भी कॉल नहीं आती. कोई सुनता भी है?" महिनाअखेरीस काकूंचा शेवटचा कार्यक्रम. पुढे ती वेळ एका ज्योतिषाला, कारण त्याला म्हणे धडाधड फोन येतात. बाहेरच्या पांढऱ्या फळ्यावर, शनिवार तीनच्या चौकटीत, राजीवने 'ज्योतिष' लिहूनसुद्धा टाकलं. काकू माझा हात धरून जिना उतरल्या. खाली गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "हे गेल्यापासून आठवडाभरात मी जे काय पोटभर बोलते, ते या अर्ध्या तासात. मुलं फोनवर दोन मिनिटं बोलतात, तीही निम्मी हिंदीत. ह्याच्यापुढे कोणाशी बोलू गं मी?"

'हे' म्हणजे बळवंतकाका. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

माझा पारा चढला. ओळखीची सगळी मराठी घरं पालथी घालायची ठरवली. पहिली गेले विष्णुकाकांकडे. ते बळवंतकाकांचे ऑफिसातले जुने मित्र, आमच्या मागच्याच गल्लीत राहतात.

"काका, कुमुदकाकूंचा कार्यक्रम ऐकता ना?"

"ऐकतो की. दर शनिवारी."

"मग कधी फोन का नाही करत?"

"फोन कशाला करायचा? चुकलंय का काही?"

"अहो, आवडलं म्हणून करायचा!"

विष्णुकाकांनी माझ्याकडे असं बघितलं, की जसं काही मी त्यांना भर चौकात नाचायला सांगितलं. "चांगलं आहे ते चांगलं आहे," ते म्हणाले. "त्यात सांगायचं काय?"

कप्पाळ माझं! जाईन तिथे हेच. कौतुक म्हटलं की आमच्या माणसांच्या तोंडात मिठाची गुळणी. जन्मभर पंजाब्यांच्या शेजारात राहिले, छोले-भटुरे करायला शिकले, पण त्यांच्यासारखं मोकळ्या गळ्याने 'वाह जी वाह' म्हणायला काही शिकले नाहीत मेले! मी हात टेकले.

शेवटच्या शनिवारी काकू माईकसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "आज आमच्या ह्यांची गोष्ट सांगते." मी चपापले. ही पहिलीच गोष्ट, जिला मान डोलवायला माणूस नव्हता.

काकूंनी सुंदर सांगितली. आर. के. पुरम सेक्टर सहाच्या गणपतीतली नाटकं. बळवंतकाका रंगमंचावर कधी आलेच नाहीत, कायम विंगेत उभं राहून दुसऱ्यांना वाक्यं पुरवायचे. त्यांची निळी स्कूटर. मंडपातला शिऱ्याचा प्रसाद. आणि मग काकूंचा आवाज जरा खाली आला.

"एक मात्र मला सलत राहिलं. माझा हा कार्यक्रम ह्यांनी कधी ऐकला नाही. शनिवारी मी इथे यायला निघाले, की हे पिशवी घेऊन भाजीला जायचे. यायचे थेट संध्याकाळी. आणि एवढं हिंडून आणायचे काय, तर पिवळी पडलेली, मरगळलेली मेथी! मी कधी विचारलं नाही. वाटायचं, नाही आवडत त्यांना माझं बोलणं, विचारून कशाला अडचणीत आणा? आता ते नाहीत, म्हणून सांगते."

तेवढ्यात फोन वाजला.

"चुकलं हो! ती नाटकं सेक्टर सहाला नव्हती, चारला होती. मी स्वतः पडदा ओढायचे."

ठेवते तोच दुसरा. "प्रसाद शिऱ्याचा नव्हताच. पंचखाद्य असायचं. काहीही काय सांगता?" तिसरा करोल बागेतून, मोबाईलवर ऐकणारा आपला गलाईवाला. "काकी, साहेबांची स्कूटर हिरवी होती. निळी नव्हं." मग नोएडा, मग द्वारका. फोन खाली ठेवायची सोय नाही! आवडलं म्हणून वर्षानुवर्षं एकानेही फोन केला नव्हता. चूक सापडल्याबरोबर अख्खी मराठी दिल्ली उठून बसली.

राजीवला मराठी ओ की ठो कळत नाही. तो घाबरून मला म्हणाला, "लोग नाराज़ हैं क्या?"

"नाराज़? अरे भैया, ये सब सुन रहे हैं! सालों से सुन रहे हैं!"

तो तसाच उठला. मग बाहेर गेला आणि फळ्यावरचं 'ज्योतिष' हातानेच पुसून आला.

पुन्हा फोन वाजला. विष्णुकाका. मी तो थेट काकूंना जोडून दिला.

"कुमुदवहिनी, चुकलात तुम्ही," विष्णुकाका फणकाऱ्यानेच म्हणाले. "बळवंत शनिवारी माझ्याकडे असायचा. आम्ही दोघं रेडिओ लावून बसायचो. मी नुसता खोकलो तरी डोळे वटारायचा. मग गप्पा मारता मारता संध्याकाळ व्हायची, आणि त्याला भाजीची आठवण यायची. तोवर गाड्यावर काय उरणार?"

काकू माईककडे झुकल्या. "मग घरी का नाही ऐकायचे?"

"घरी ऐकलं असतं, तर आल्या आल्या तुम्ही विचारलं असतंत, कसं झालं म्हणून. त्याला ते सांगता आलं असतं का? तुम्हीच बघा."

"आणि तुमच्याकडे? तुमच्याकडे काय म्हणायचे?"

विष्णुकाकांनी घसा खाकरला. "म्हणायचा... बरं बोलते."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मी इकडे सरळ रडत होते, खोटं कशाला बोलू? रेडिओवर सगळं सामसूम झालं, आणि राजीव हातवारे करायला लागला, बोला, बोला.

"विष्णुभावजी," काकू भरल्या गळ्याने म्हणाल्या, "मग मेथी तरी आधी घेऊन ठेवा म्हणायचं होतंत त्यांना. इतकी वर्षं रागारागाने पिवळी पानं निवडत बसले हो मी."