परत सांग

सकाळी सुमनवहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. मला रडू फुटायला हवं होतं, पण तोंडातून निघालं, "मनोहर गेला." पलीकडून "हो" आलं आणि फोन बंद झाला... मनोहरच्या घरात कुठलाही निरोप असाच पोहोचायचा. एकाने सांगायचं, दुसऱ्याने ते परत म्हणायचं, मग पहिल्याने "हो" म्हणायचं. तोवर सांगणं पुरं झालं असं तो मानतच नसे.

ही खोड त्याला नोकरीने लावली. लाखांदूरजवळच्या आमच्या गावातून आम्ही दोघं एकाच एसटीने शाळेत जायचो. मी मास्तर झालो. तो समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात लागला आणि पुढे तिथल्या ऑपरेटरांना शिकवू लागला. तिथे म्हणे, मिळालेली सूचना परत म्हणून दाखवल्याशिवाय बटणाला हात लावायचा नसतो. सुटीत गावी आला की बोडीचं, म्हणजे तळ्याचं, पाणी धानाच्या बांधीत सोडायला सांगतानाही तो गड्याला म्हणायचा, "मी काय सांगतलो? परत सांग." चहावालाही यातून सुटला नाही. गावाने त्याचं नावच 'परत सांग' पाडलं. तोही हसायचा, पण खोड सोडायचा नाही. एक नंबरचा हट्टी होता.

परदेशात एका अणुवीज केंद्रात मोठा अपघात झाला, तेव्हा त्याचं काम वाढलं. वीज गेली, पंप बंद पडले तर अंधारात काय करायचं याच्या तालमी सुरू झाल्या, आणि आसपासच्या गावांत जाऊन लोकांशी बोलणंही. 'घाबरू नका' हे शब्द त्याने आपल्या शिकाऊ मंडळींना वर्ज्य केले होते. ठाऊक असेल ते सांगा, नसेल तर नाही म्हणा आणि पुन्हा कधी येणार ते सांगून या. एका गावात कोळणींनी मासळी खावी की नाही असं विचारलं. त्याने माहीत नाही म्हटलं, वरिष्ठांची बोलणी खाल्ली आणि उत्तर घेऊन पुन्हा त्याच गावात गेला. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

निवृत्त होऊन तो गावी आला आणि रक्ताचा कॅन्सर निघाला. तिथूनच आणला, असा गावाने निकाल देऊन टाकला. नेमकी तेव्हाच त्याच्या मुलीची, अश्विनीची, त्याच केंद्रात ऑपरेटरच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली. वहिनी त्याच्या उशाशी बसल्या होत्या, मी पायथ्याशी.

"हे तिथूनच झालं का? होय म्हणा नाहीतर नाही म्हणा. पोरीले पाठवू का नको?"

तो छताकडे बघत म्हणाला, "मले माहीत नाही, सुमन. डॉक्टरलेबी सांगता येत नाही. माहीत नसून कसा सांगू?"

"मंग येकदा खोटं बोला."

तो रडला, पण खोटं बोलला नाही. मला त्याचा संताप आला. साऱ्या जगाशी खरं बोलून झालं होतं, बायकोला एक 'नाही' दिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण ते 'नाही' उद्या पोरीच्या अंगावर आलं असतं तर... इथे माझीही मती खुंटायची. कोणाच्याच हातात काही नव्हतं.

तेरवी आटोपून अश्विनी प्रशिक्षणाला गेली. वहिनींनी तिला अडवलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

परवा मी त्यांच्याकडे गेलो. ओसरीवर मनोहरची खुर्ची होती तिथेच आहे, कोणी तिच्यावर बसत नाही. तेवढ्यात पोरीचा फोन आला, वहिनींनी तो स्पीकरवर घेतला.

"अंगात कसकस वाटली तर लपवू नको. मले सांग," वहिनी म्हणाल्या.

"कसकस वाटली तर लपवणार नाही. तुले सांगीन," पोरीने परत म्हटलं.

आता फक्त "हो" म्हणायचं राहिलं होतं. वहिनींचे ओठ हलले, नजर खुर्चीकडे गेली, पण शब्द काही फुटेना. मी तरी काय करणार, तो शब्द माझा नव्हता. पलीकडे पोरीनेही फोन ठेवला नाही. ती बापाची लेक, "हो" ऐकल्याशिवाय ठेवणार नव्हती...