विरजणाची वाटी

सकाळी सहाला डेअरीचं शटर वर जायचं तेव्हा ताई आत उभ्या असायच्याच. एकोणीस वर्षं त्या दह्याच्या काउंटरवर होत्या. टाचा अशा दुखायच्या की दुपारपर्यंत प्रत्येक पावलाला "आई गं" निघायचं. पण गिऱ्हाइकाचं तोंड दिसलं की पळी आपोआप हव्या त्या पातेल्याकडे वळायची. निवृत्त मास्तरांना वरची साय हवी, तीही न मोडता. शिवणकामवाल्या बाईंना कडेचंच दही लागे. मधलं पाणचट असतं म्हणे. कुलपं दुरुस्त करणाऱ्याला दोन दिवसांचं, दात आंबवणारं. समोरच्या दवाखान्यातल्या नर्सला अधमुरं, नुकतं कुठे लागलेलं, आंबटपणाचा वासही नको.

"ताई, तुम्हाला आमच्या जिभा पाठ आहेत," मास्तर म्हणायचे.

"जिभा कसल्या, तक्रारी पाठ आहेत," असं म्हणत ताई साय अलगद उचलायच्या.

आणि एवढ्या गल्लीच्या जिभा पाठ असलेल्या या बाईला घरातल्या एका जिभेचा ठाव लागत नव्हता.

लेक सोळा वर्षांची. लहानपणी बाहुलीसारखी दिसायची म्हणून सगळे ठकी म्हणत, ते नाव तसंच राहिलं. तीन आठवडे ताप हटला नव्हता. हटला तेव्हा जाताना भूकही घेऊन गेला. मनगटं अशी झाली होती की ताईंना तिकडे बघवत नसे, आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे.

"औषधांचं काम संपलं," डॉक्टर म्हणाले होते. "आता पोटात गेलं पाहिजे. जड नको, दही चालेल, हवं तेवढं. पण येत्या सोमवारी काटा आणखी खाली गेला, तर दाखल करून सलाईन लावावं लागेल."

दही चालेल! ताईंना वाटलं, देवानेच आपल्या दारात गाडी थांबवली. त्या घरी आल्या, दूध तापवलं, कोमट झाल्यावर करंगळी बुडवून बघितली आणि विरजण लावलं.

पहिल्या दिवशी सायीचं दही केलं, सुरीने कापावं असं. ठकीने चमच्याने वर एक रेघ ओढली आणि वाटी बाजूला ठेवली. "नंतर खाते."

दुसऱ्या दिवशी अधमुरं, वर साखर. "नंतर खाते." तिसऱ्या दिवशी रात्रभर फडक्यात टांगून पाणी काढलेला घट्ट चक्का, मधाची धार सोडून. त्याला तर "नंतर" पण म्हणाली नाही. चौथ्या दिवशी डेअरीच्या मालकांनी फ्रीजमधले फळांच्या स्वादाचे गुलाबी कप दिले. "आजकालच्या मुलांना हेच आवडतं हो," म्हणाले.

ठकीच्या बाबांनी त्यातला एक उघडून चाखला. ते छापखान्यात मशीन चालवायचे. शाईने काळी झालेली बोटं त्या गुलाबी कपाभोवती फारच विचित्र दिसत होती. "हे दही आहे की टूथपेस्ट?"

ठकी हसली. तेवढंच. कप तसाच राहिला.

टाकवत नाही म्हणून उरलेलं सगळं दोघं नवराबायको संपवायचे. लेकीला सांगितलेलं दही आईच्या अंगी लागत होतं. युनिफॉर्मचा बटनपट्टा ताणायला लागला तेव्हा ताईंना स्वतःचीच लाज वाटली.

"अगं, तू तिच्यासमोर बसू नकोस ना," नवरा म्हणाला. "मांजर बिळाकडे बघतं तशी बघत असतेस. तिच्या जागी मी असतो तर मीही खाल्लं नसतं."

"तुम्हाला बोलायला काय जातंय! सोमवार तुम्हाला दिसत नाही का?"

दिसत होता.

शुक्रवारी ताई पाचवी वाटी घेऊन समोर बसल्या. "थोडं पातळ केलंय. बघ तरी. घट्ट नको का तुला? गोड हवं? मीठ घालू? सांग तरी बाई कसं हवं ते!"

ठकीने भिंतीकडे तोंड फिरवलं. "आई, मी तुझं गिऱ्हाईक नाहीये."

ताई उठल्या. वाटी ओट्यावर ठेवताना त्यांच्या लक्षात आलं की आपण एकोणीस वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकासमोर अशी गयावया केली नव्हती.

आता विरजणाच्या वाटीचं सांगायला हवं. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक लहान स्टीलची वाटी असायची, वर बशी झाकलेली. सासूबाईंनी लग्नानंतर हातात दिलेलं विरजण, बावीस वर्षं एकातून दुसऱ्याला लावत चाललेलं. त्या वाटीला कुणी हात लावायचा नाही हा घरातला एकमेव कायदा. बाकी सगळे मोडून झाले होते. तसं हात लावावा असं त्यात काही नव्हतंही. फुटलेलं, पाणी सुटलेलं, नाकात झणझण उठवणारं आंबट.

शनिवारी डेअरी दुपारीच बंद व्हायची. संध्याकाळी ताईंनी दूध कोमट केलं, करंगळी बुडवली, फळीवरची वाटी काढली आणि बशी उचलली. वाटी रिकामी. धुतल्यासारखी चाटून पुसून लख्ख.

"अहो! विरजण तुम्ही खाल्लंत?"

"मी?" नवरा उंबऱ्यात येऊन उभा राहिला. "सकाळचं दही संपवलं ते कबूल. पण विरजण? बावीस वर्षांत कधी हात लावलाय? मांजर असेल."

"मांजर परत बशी झाकून ठेवतं होय?"

दोघांनीही एकाच वेळी खोलीकडे पाहिलं. ठकी भिंतीकडे तोंड करून पडली होती, झोपल्यासारखी. ओठाच्या कडेला वाळलेला पांढरा डाग होता.

ताईंनी दाराची चौकट धरली. हसू येत होतं, रडूही. नवरा काही बोलणार, तोच त्यांनी डोळ्यांनी त्याला गप्प केलं. रिकामी वाटी घेतली आणि शेजारीण काकूंची बेल वाजवली.

"ताकाला आलेय तर भांडं कशाला लपवू? चमचाभर विरजण द्या."

"अगो बाई! दहीवालीच्या घरी विरजण नाही?" काकूंना भारीच मजा वाटली. "उंदीर पडला की काय वाटीत?"

"हो. सोळा वर्षांचा."

त्या संध्याकाळी दोन वाट्या लागल्या. रविवारी सकाळी दोन्ही फळीवर गेल्या, दोन्हींवर बशा. मग ताई खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सांगून ठेवते, विरजणाला कुणी हात लावायचा नाही!"

"माझ्याकडे बघून काय सांगतेस?" नवऱ्याने तसाच आवाज लावला. "दोन दोन वाट्या कशाला म्हणतो मी?"

"माझं घर, माझं विरजण!"

दुपारी त्या वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन स्वयंपाकघराकडे पाठ करून बसल्या. आयुष्यात बरीच जड कामं केली होती, दुधाचे कॅन उचलले होते. पण मान न वळवणं त्या सगळ्यांत जड होतं. एकच टॉवेल त्यांनी तीनदा घडी केला. मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग बशीचा. मग बराच वेळ चमच्याचा. मान अवघडली तरी ताई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

सोमवारी ठकी काट्यावर उभी राहिली. डॉक्टरांनी चष्मा वर केला.

"घसरलं नाही. शंभर ग्रॅमने वरच गेलंय. काय खाते?"

"काही नाही," ठकी म्हणाली.

"हो ना," ताई म्हणाल्या, "काहीच खात नाही."

डॉक्टरांनी आधी मायलेकींकडे पाहिलं, मग काट्याकडे. "बरं. मग तेच चालू ठेवा. पुढच्या सोमवारी या."

दवाखान्याचा जिना ताई कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. टाचा ठणकत होत्या. ठकी दोन पायऱ्या पुढे होती. मागे न बघता म्हणाली, "शनिवारचं जास्त आंबट होतं. कालचं तसं नव्हतं."

"कुठलं गं?"

"कुठलंच नाही."

संध्याकाळी ताईंनी दोन वाट्या लावल्या, आणि त्यातली एक शेगडीच्या उबेला, इतर वेळेपेक्षा तासभर जास्त ठेवली.